‘मेजर, कुठली गोळी जास्त आत जाते?’

विट्याकडच्या एका पोरानं विचारलंय: ‘मेजर, १२.७ आणि १४.५ मध्ये जास्त भेदक कुठली? .३३८ लापुआ त्यांच्या जवळपास येते का? आणि आपली ७.६२ त्यांच्यापुढं कुठं बसते? किती मिलिमीटर लोखंड फुटतं ते आकड्यात सांगा.’ (नवख्यांसाठी: हे आकडे म्हणजे गोळीची जाडी. १२.७, १४.५, ७.६२ मिलिमीटरमध्ये; .३३८ आणि .५० इंचात. .५० म्हणजे १२.७ च.) सोबत एक व्हिडिओ आहे. .५० ची गोळी एक इंची प्लेटीतून आरपार जाते आणि बघणारे आरडाओरडा करतात. व्हिडिओकडे शेवटी येतो.

आधी ‘मेजर’चा खुलासा. आमच्या साताऱ्यात फौजेतून पेन्शनवर आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, मग तो शिपाई म्हणून आलेला का असेना. मी सुभेदार म्हणून आलो. सैन्याची यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलात आर्मोरर होतो, सव्वीस वर्षं. म्हणजे गोळ्या झाडण्यापेक्षा दुसऱ्यांनी झाडून बिघडवलेली हत्यारं नीट करण्यात माझं आयुष्य गेलं. पण रेंजवर हत्यार तपासायला जावं लागतं, आणि तिथं लोखंडाला भोकं कशी पडतात ते बघायला मिळतं. त्यातून जे कळलं ते सांगतो. सैन्याच्या चालू गाड्या कुठं किती जाड आहेत, अंगातल्या जॅकेटचं काय, हे मात्र मी कुणाला सांगत नाही, तेव्हा तेवढं सोडून.

तुझ्या प्रश्नाचं थेट उत्तर असं. एकाच जातीची गोळी, एकच अंतर आणि एकच प्लेट धरली तर १४.५ पहिली, १२.७ दुसरी, .३३८ तिसरी आणि ७.६२ चौथी. यात वाद नाही. पण ‘एकाच जातीची गोळी’ हे शब्द वाचून पुढं सरकू नकोस, सगळी गोम तिथंच आहे. १२.७ ची साधी गोळी जिथं चपटी होऊन खाली पडते, तिथून ७.६२ ची कठीण गाभ्याची गोळी पार जाऊ शकते. काडतुसावर लिहिलेला आकडा म्हणजे खिशात पैसे किती आहेत तेवढंच. बाजारातून काय घेऊन येणार ते आतला गाभा ठरवतो.

आता खिशाचा हिशेब करू. गोळीची ऊर्जा म्हणजे वजन गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं. ७.६२ × ५१ (दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा), म्हणजे आपल्या जुन्या एसएलआर रायफलीची गोळी, साडेनऊ ग्रॅमची आणि सेकंदाला साधारण ८४० मीटर वेगाची. ऊर्जा झाली ३,३०० ते ३,४०० जूल. .३३८ लापुआ मॅग्नम १६.२ ग्रॅमची, वेग ९०० च्या जरा वर, ऊर्जा ६,६०० च्या आसपास. अमेरिकी .५०, म्हणजे १२.७ × ९९, हिची साधी गोळी ४३ ग्रॅमची, वेग ८९० च्या घरात, ऊर्जा १७,००० जूल. रशियन १२.७ × १०८ ची गोळी थोडी जड, ४८ ग्रॅमपर्यंत, आणि ऊर्जाही तेवढीच. या दोन्ही १२.७ भाऊ-भाऊ असल्या तरी एकीचं काडतूस दुसरीच्या नळीत बसत नाही, हे ध्यानात ठेव. १४.५ × ११४ ची गोळी ६४ ग्रॅमची, वेग हजार मीटरच्या आसपास, ऊर्जा ३२,००० जूल. म्हणजे नाव नुसतं १.८ मिलिमीटरनं वाढलं आणि ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली. पोरं इथंच फसतात. १२.७ आणि १४.५ म्हणजे एकोणीस-वीसचा फरक असं त्यांना वाटतं.

पण नुसत्या ऊर्जेनं भोक पडत नाही. गव्हाचं पोतं शिवताना दाभण पोत्यात जाते, तेवढाच जोर लावून अंगठा दाबला तर तो जात नाही. जोर किती जागेवर पडतो ते बघायचं. म्हणून ऊर्जेला गोळीच्या तोंडाच्या क्षेत्रफळानं भाग. नळीच्या तोंडाशी ७.६२ ला दर चौरस मिलिमीटरला ७० जूल येतात. .३३८ ला ११४. .५० ला १२८. १४.५ ला १८४. आता गंमत बघ. ऊर्जेत .५० ही .३३८ च्या अडीच पट आहे, पण दर चौरस मिलिमीटरला फरक जेमतेम बारा-तेरा टक्क्यांचा. आणि एसएलआरनंतर आलेल्या इन्सास रायफलीची ५.५६ काढली, ४ ग्रॅमची गोळी ९२० च्या वेगानं, तर येतात ६६. एसएलआरच्या अगदी खांद्याला खांदा!

यावर आमच्या वेळच्या जुन्या उस्तादांचा विश्वास बसायचा नाही. एसएलआर म्हणजे मर्दाचं हत्यार आणि इन्सास म्हणजे खेळणं, हे त्यांचं ठाम मत. लाकडात, विटेत, मातीत ते खरंही होतं. पण पातळ पोलादी पत्र्यावर, जुन्या लोखंडी हेल्मेटसारख्या, ५.५६ ची एसएस-१०९ जातीची गोळी लांबच्या अंतरावर साध्या ७.६२ ला हार जात नाही. कारण तिच्या शिशाच्या पुढं टोकाशी पोलादाचा छोटा तुकडा बसवलेला आहे आणि साध्या ७.६२ मध्ये नुसतं शिसं. हा तुकडा मुद्दाम त्यासाठीच घातलेला.

तर मग गाभा. साधी गोळी म्हणजे बहुतेक वेळा तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ आवरण आणि आत शिसं. शिसं जड असतं, एका घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, आणि भिजवलेल्या कणकेपेक्षा थोडंसंच कडक. पोलादावर आदळलं की पसरतं. पसरलं की क्षेत्रफळ वाढलं, आणि वर केलेला सगळा भागाकार पाण्यात गेला. म्हणून भेदक गोळीत शिशाऐवजी किंवा शिशाच्या पातळ थरात कठीण पोलादाची सळी घालतात. आमच्याकडं घिसाडी कुऱ्हाडीला पाणी देतो, तसं त्या सळीला पाणी दिलेलं असतं. आवरण हे तिचं फक्त वाहन. प्लेटीवर आदळल्यावर आवरण फाटून मागं राहतं आणि सळी एकटी आत जाते. रशियन बी-३२ ही या जातीतली सगळ्यात प्रसिद्ध गोळी. आत पोलादाची सळी आणि टोकाशी पेट घेणारं मिश्रण. ७.६२ × ५४, १२.७ आणि १४.५ या तिन्ही आकारांत ती बनते, त्यामुळं तुला हवी तशी ‘एकाच जातीची’ तुलना करायची तर बी-३२ चीच करावी. १४.५ मध्ये ६४ ग्रॅमच्या गोळीत गाभा साधारण ४० ग्रॅमचा. म्हणजे ३२,००० जुलातले ४० ग्रॅमच्या वाट्याला येतात तेवढेच खरे कामाचे. बाकीचे आवरणासोबत प्लेटीच्या तोंडावर उडतात.

पाणी जास्त दिलेली कुऱ्हाड बाभळीच्या गाठीवर मारली की धारेचा तुकडा उडतो, हे तू बघितलं असशील. गाभ्याचंही तेच. फार कठीण केला तर तिरक्या प्लेटीवर मोडतो, मऊ ठेवला तर बसतो. याच्या पुढची पायरी टंगस्टन कार्बाइड. हे नाव ऐकून पोरं डोळे मोठे करतात, पण मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या कुणालाही विचार, त्याच्या खिशात कार्बाइडची टिप निघेल. पोलाद कापायला तीच लागते. घनता पोलादाच्या जवळजवळ दुप्पट, कडकपणा विचारू नको. आणि हातातून फरशीवर पडली की टवका उडतो, म्हणून लेथवाला शिव्या घालतो, तेही खरं. रशियनांनी दुसऱ्या महायुद्धात १४.५ साठी कार्बाइडच्या गाभ्याची बीएस-४१ बनवली, पण टंगस्टन महाग. पोत्यानं वाटायची वस्तू नव्हे.

‘खिसा आणि खर्च’ यांचा फरक एका गोळीत बघायचा असेल तर अमेरिकी .५० ची स्लॅप बघ. तिच्यात .५० च्या काडतुसावर प्लॅस्टिकचं टोपण बसवलंय आणि टोपणात टंगस्टनचा बारीक बाण, जाडी फक्त ७.६२ मिलिमीटर. नळीतून बाहेर पडलं की टोपण गळतं आणि एकटा बाण पुढं जातो. वजन २३ ग्रॅम, वेग १,२०० च्या वर. ऊर्जा काढ. तीच १७,००० जूल, एक रुपया जास्त नाही. पण तोंड बारीक झाल्यामुळं दर चौरस मिलिमीटरला साडेतीनशेच्या वर जूल. साध्या १४.५ च्या जवळजवळ दुप्पट! काडतूस तेच, पुंगळी तीच. आता मला सांग, ‘.५० किती भेदते’ याला काय उत्तर देऊ?

दुसरी गोष्ट प्लेटीची. आमच्या एका युनिटमध्ये, नाव नको, एका तरुण साहेबानं साडेसहा मिलिमीटरच्या दोन प्लेटी शंभर मीटरवर उभ्या केल्या. एक बाहेरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून आणलेली, दुसरी मोडीत काढलेल्या चिलखती सामानातली. दोन्हींना एकच रंग मारलेला. एसएलआरनं साध्या गोळ्या मारल्या, एकेकीवर वेगळ्या पेटीतल्या. एका प्लेटीत सरळ भोकं, दुसरीवर नुसते चकचकीत ठिपके आणि खाली शिशाच्या चिंध्या. साहेबांचा निष्कर्ष असा की दुसऱ्या पेटीतला दारूगोळा जुनाट झालाय. पेटी बदलून आणली, पुन्हा तेच. मग माझ्यावर बंदूक रोखली, म्हणजे हत्यारात दोष काढला. मी जाऊन दोन्हींवर कानस फिरवली. पहिल्या प्लेटीवर कानस लागली, दुसरीवर काचेवरून घसरावी तशी घसरली. झालं. साधं बांधकामाचं लोखंड आणि चिलखताचं पोलाद यांच्या कडकपणात तीन-चार पटींचा फरक पडू शकतो. त्या दिवशी माझी चहा-भजी साहेबांच्या खर्चात झाली.

म्हणून कुणी ‘२० मिलिमीटर फोडते’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न, कसले २० मिलिमीटर? ठरलेली माप-पट्टी म्हणजे रोल केलेलं एकजिनसी चिलखती पोलाद. त्यात बी-३२ जातीच्या १२.७ साठी १०० मीटरवर साधारण २० मिलिमीटर, आणि १४.५ साठी ५०० मीटरवरसुद्धा ३० च्या आसपास, असे आकडे सगळीकडे छापलेले सापडतात. तुला आकडा हवा होता, तो हा. यातसुद्धा प्लेट सरळ समोर उभी, नव्वद अंशात, हे गृहीत आहे.

आणि लढाईत कोण प्लेट सरळ समोर उभी करून देतो? प्लेट तिरकी केली की गोळीला आत जास्त रस्ता कापावा लागतो. ४५ अंश कलंडली तर २० ची प्लेट २८ ची होते, ६० अंशांना ४० ची. हा नुसता भूमितीचा हिशेब. प्रत्यक्षात त्याहून वाईट, कारण तिरक्या पृष्ठभागावर गोळी वळते, आडवी पडते, गाभा मोडतो, नाहीतर घसरून निघूनच जाते. आमच्याकडच्या काळ्या कातळावर गोळी अशी घसरते की कुठं जाईल ते देवाला ठाऊक. म्हणून रेंजचा बट, म्हणजे निशाण्यामागचा मातीचा बांध, साफ करताना दगड वेचून काढावे लागतात, फावडं मारून. त्या फावड्याचे घट्टे अजून आहेत. एकदा प्लेटीवरून उलटा आलेला आवरणाचा तुकडा माझ्या मनगटात घुसला होता, शेंगदाण्याच्या फोलपटाएवढा. दोन टाके पडले. तेव्हापासून रेंजवर प्लेट दिसली की मी आधी अंतर विचारतो, मग नमस्कार करतो.

गोळी आडवी पाडायची युक्ती जर्मनांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. ही गोष्ट मला फार आवडते. १९४१ मध्ये रशियाकडं दोन लांबलचक रायफली आल्या, पीटीआरडी आणि पीटीआरएस, दोन्ही १४.५ च्या. दोन मीटर लांब, सतरा ते एकवीस किलो वजन, चालवायला दोन माणसं. जर्मनांचे नवे जड रणगाडे पुढून त्यांना दाद देईनात. पण जुन्या मध्यम रणगाड्यांच्या कुशीतून, जिथं चिलखत तीस मिलिमीटरच्या घरात होतं, ही गोळी जवळून आत जायची. मग १९४३ मध्ये जर्मनांनी रणगाड्याच्या बाजूंना थोडं अंतर सोडून पातळ पत्रे टांगले, ‘शुर्त्सेन’ म्हणतात त्यांना. पत्रा केवढा? साधारण पाच मिलिमीटर! १४.५ ला पाच मिलिमीटर म्हणजे पापड. पत्र्यातून गोळी जायचीच. पण जाताना तिचं आवरण फाटायचं, तोंड वाकडं व्हायचं, आणि मधल्या मोकळ्या जागेत ती डगमगून मागच्या खऱ्या चिलखतावर कुशीवर आदळायची. दाभण आडवं धरून पोत्यावर मारल्यासारखं. पस्तीस मिलिमीटर एकसंध चिलखत जे करत नाही ते पाच आणि तीस वेगवेगळे ठेवून होतं. जाडीची बेरीज करून भेदकता मोजणाऱ्यांनी हे पाठ करावं.

रणगाडा आणि रायफल यांची शर्यत मुळात त्याच्या आधीची. १५ सप्टेंबर १९१६ ला इंग्रजांनी सोममध्ये पहिल्यांदा रणगाडे उतरवले. त्यांच्या अंगावर आठ-बारा मिलिमीटरची प्लेट. जर्मन शिपायाच्या नेहमीच्या रायफलीत पोलादी गाभ्याची गोळी घातली की ती पातळ जागी आत जायची. इंग्रजांनी प्लेट सुधारली. मग १९१८ मध्ये मॉझरनं १३.२ मिलिमीटरची एकच गोळी घेणारी थोराड रायफल काढली. जगातली पहिली रणगाडाविरोधी रायफल ती. इंग्रजांनी १९३७ मध्ये .५५ ची बॉइज रायफल घेतली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी पलटणींनीही ती वाहिली. आमच्या जिल्ह्यात गावोगावी त्या युद्धाचे पेन्शनर होते. माझ्या लहानपणी एक म्हातारा तिच्याबद्दल सांगायचा, ‘गोळी रणगाड्याला लागो न लागो, खांद्याला लागायचीच.’ सुरुवातीच्या हलक्या रणगाड्यांपुरती ती चालली, पुढं चिलखत जाड झालं आणि १९४३ पासून तिची जागा पियाट या वेगळ्याच जातीच्या हत्यारानं घेतली, जे वेगानं नव्हे तर पोकळ स्फोटानं भेदत होतं. रायफलीनं रणगाडा फोडायचे दिवस तिथं संपले. आज १२.७ आणि १४.५ या रणगाड्यासाठी नाहीतच. रडार, उभी विमानं, दारूगोळ्याच्या गाड्या, पातळ चिलखत, दगडी आडोसे, यांच्यासाठी आहेत. हे ध्यानात न घेता १४.५ रणगाड्यावर चालते का म्हणून भांडणारी पोरं मी रोज बघतो.

आता .३३८ आणि .५० चं प्रकरण, कारण तुझा खरा प्रश्न तिथं आहे असं मला वाटतं. भागाकारात त्या जवळ आल्या हे वर बघितलं. अंतरावर काय होतं? अंगानं थोराड म्हणून .५० लांबवर वेग जास्त टिकवते असं सगळे धरून चालतात. .३३८ ची चांगली नेमबाजीची गोळी लांबट, निमुळती, मागूनही बोटीसारखी निमुळती असते. हवा कापण्यात ती साध्या लष्करी .५० ला हार जात नाही. हजार मीटरवर दोघींचा वेग पाचशेच्या आसपासच उरतो. साधी ७.६२ मात्र सहाशे मीटरवरच निम्म्या वेगाला येते, आणि वेग निम्मा म्हणजे ऊर्जा चौथाई. उंचावर गेलं की सगळ्यांचीच चैन. पाच हजार मीटरवर हवा समुद्रकाठाच्या साठ टक्केच दाट असते.

मग .५० चा फायदा कुठला? पलीकडं काय पोचतं तो. समज दोन्ही गोळ्या कठीण गाभ्याच्या आहेत आणि दोन्ही एका पातळ प्लेटीतून पार गेल्या. .३३८ चा गाभा काही मोजक्या ग्रॅमचा, .५० चा त्याच्या कितीतरी पट. इंजिनाच्या ठोकळ्यात घुसायचं आहे, आतली नळी, वायर, टाकी तोडायची आहे, शिवाय टोकातलं पेटतं मिश्रण आत न्यायचं आहे. प्लेटीला भोक पडलं म्हणजे काम झालं असं नाही. दारातून आत गेलेला माणूस एकटा आहे की वऱ्हाड घेऊन आलाय, हा प्रश्न आहे. म्हणून माणसावर लांबचा नेम हे .३३८ चं काम आणि वस्तू निकामी करणं हे १२.७ च्या वरचं काम, अशी विभागणी जगभर पडली. आपल्याकडंही २०१९ मध्ये नॉर्दर्न कमांडच्या स्नायपरांना बेरेटाची .३३८ आणि बॅरेटची .५० अशा दोन्ही मिळाल्या. एकीनं दुसरीची जागा घेतली नाही.

‘मग सगळ्यांना १४.५ च का देत नाहीत?’ हे तू विचारणारच. उचलून बघ. ७.६२ चं एक काडतूस २४ ग्रॅमच्या आसपास, .५० चं ११५ च्या वर, १४.५ चं २०० ग्रॅम. शंभर काडतुसं म्हणजे वीस किलो, हत्यार वेगळंच. त्रिचीच्या कारखान्यात बनलेली आपली ‘विध्वंसक’ रायफल नळी आणि काही भाग बदलून १२.७ × १०८, १४.५ आणि २० मिलिमीटर तिन्ही झाडते, पण वजन पंचवीस किलोच्या घरात. ती तुकडे करून दोघांनी न्यायची वस्तू आहे. बॅरेटची एम-९५ दहा-अकरा किलोची, एकटा गडी नेतो. चढावर चालताना मिलिमीटरच्या गप्पा आपोआप बंद होतात. रिकॉइल, म्हणजे झाडताना खांद्याला बसणारा धक्का, सोसायला माणूस लागतो तो वेगळाच.

मातीचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण इथं सगळ्यांचा अंदाज चुकतो. बटातून गोळ्या उकरायचं काम मी तरुणपणी केलंय. जवळून मारलेली साधी गोळी कोरड्या वाळूत कमी खोल सापडते आणि लांबून मारलेली जास्त खोल. उलटं वाटतं ना? जवळून वेग जास्त, वाळूवर आदळताना शिसं-आवरण चेपून फाटतं, गोळी आडवी होते आणि थांबते. लांबून हळू येते, धड राहते, तोंड पुढं ठेवून सरकत जाते. जुनी .३०३ याबाबतीत आणखी लहरी. तिच्या मार्क-७ गोळीत टोकाशी हलकं ॲल्युमिनियम भरलेलं असायचं, वजन सगळं मागं, त्यामुळं काहीही लागलं की ती कोलांटी खायची. त्यामुळंच वाळूची पोती अजूनही सगळीकडे वापरतात. पोलाद महाग, वाळू स्वस्त, आणि गोळीचा वेग तिच्याच विरुद्ध वापरणारी दुसरी वस्तू सहज मिळत नाही. आमच्या भागातल्या जुन्या गढ्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती तीन-चार हात रुंद असतात. बांधणाऱ्यांना जूल ठाऊक नव्हते, पण साध्या ७.६२ नं त्या भिंतीच्या पलीकडं कुणाला इजा होईल असं मला वाटत नाही. कठीण गाभ्याची गोळी मात्र मातीत चेपत नाही, ती खोल जाते. पुन्हा गाभाच.

खरी, कागदावर टिकणारी तुलना करायची तर कशी करतात तेही सांगतो. एक गोळी मारली, पार गेली, लिहिलं, असं नसतं. दारू कमी-जास्त करून वेग वरखाली करतात, एकाच प्लेटीवर बऱ्याच गोळ्या मारतात आणि ज्या वेगाला निम्म्या पार जातात, निम्म्या अडकतात तो वेग नोंदवतात. त्याला व्ही-५० म्हणतात. गाड्यांच्या चिलखतासाठी नाटोचं ४५६९ नंबरचं मानक आहे. त्यात पहिल्या पायरीला साधी ७.६२ आणि ५.५६. दुसरीला एके-४७ ची पेटती भेदक गोळी. तिसरीला ७.६२ च पुन्हा, पण कार्बाइडच्या गाभ्याची, ३० मीटरवरून ९३० च्या वेगानं. आणि चौथीला १४.५ ची बी-३२, २०० मीटर अंतर धरून, ९११ च्या वेगानं. ही यादी पुन्हा वाच. एकच ७.६२ × ५१ पहिल्या पायरीवरही आहे आणि तिसऱ्यावरही. पुंगळी तीच, दोन पायऱ्या वर. मानक लिहिणारा काडतुसाच्या नावावर थांबलेला नाही. गोळीची जात, अंतर, वेग सगळं लिहून मग तो पुढं गेलाय.

एक फाटा. खटावच्या एकानं विचारलं होतं की शेतात रानडुकरासाठी परवान्याची .३१५ रायफल आहे, ती ‘जास्त भेदक’ कशी करायची. करू नये. शिकारी गोळीचं तोंड मुद्दाम उघडं, मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे ती आत गेल्यावर पसरून तिथंच थांबावी. पार जाणारी गोळी पलीकडच्या उसात कोण आहे ते बघत नाही. आणि भेदक गोळी नागरी परवान्यात बसत नाही, तो सरळ गुन्हा आहे.

आता तुझा व्हिडिओ. तीनदा बघितला. प्लेट टायरला टेकवून उभी केलीय, मागं थोडी कललेली. रंग उडालेल्या जागी गंजाचा तांबूस थर आहे, कडेला गॅस-कटरनं कापल्याचे ओघळ आहेत, म्हणजे बहुतेक भंगारातलं साधं लोखंड. नेमबाज पन्नास पावलांवर. गोळीचा डबा क्षणभर दिसतो, टोकं काळी आहेत. अमेरिकी .५० मध्ये काळं टोक म्हणजे पोलादी गाभ्याची भेदक गोळी. तेव्हा ‘.५० नं एक इंच फोडलं’ हे खोटं नाही, पण कुठल्या .५० नं, कसलं एक इंच, हे त्यानं सांगितलेलं नाही.

शेवटी तो भोकात बोट घालून दाखवतो तिथं व्हिडिओ थांबव. पुढच्या बाजूला भोकाभोवती पिवळसर तांब्याची फाटकी कडी चिकटलेली दिसेल, ते आवरण. मग प्लेटीची मागची बाजू बघ. त्यानं तिथं पट्टी लावली असती तर भोकाचा आकडा तेरा मिलिमीटरचा आला नसता, अकराच्या आसपास आला असता. तेवढाच गाभा होता आत.